दीड लाख आणि एक ढोलकी

आयडिया सांगायला पैसे पडत नाहीत, असं उषाबाई बागुल नेहमी म्हणायची, आणि आयडिया सांगणाऱ्याच्या तोंडावर म्हणायची. गोडादऱ्याच्या मराठी मंडळीची कमिटी बसली की हे वाक्य तिला एका बैठकीत चार वेळा तरी म्हणावं लागे. मंडळी म्हणजे चर्चची मंडळी. अडतीस घरं, सगळी साक्री, पिंपळनेर, नवापूरकडून लूम्सवर पोट भरायला सुरतेत आलेली. यांना ना स्वतःचं देऊळ, ना घंटा. कानजीभाई शेठच्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यावर पत्र्याचा एक हॉल होता, त्यात दर रविवारी दहा वाजता सतरंज्या अंथरायच्या आणि उपासना करायची. असं सोळा वर्षं चाललं होतं.

फेब्रुवारीत उषाबाई भाडं द्यायला खाली गेली, तेव्हा कानजीभाईने तिला खुर्ची दिली. भाडं द्यायला आलेल्या माणसाला शेठ खुर्ची देतो म्हणजे काहीतरी वाईट ऐकायला मिळणार, हे तिला तेव्हाच कळलं.

"बेन," कानजीभाई म्हणाला, "लेसच्या मशीनवाला एक जण रोज येतो. डिपॉझिट घेऊनच फिरतोय. पण तुमने सोळा साल टाइम पे भाडा दिया, तो पहले तुमको पूछता हूँ. दीड लाख डिपॉझिट, एक डिसेंबरच्या आत. नहीं तो हॉल गया."

"देऊ," उषाबाई म्हणाली.

म्हणाली आणि स्वतःच दचकली. सुरतेच्या कापडधंद्यात शब्दाला किंमत असते. तोंडातून निघाला की निघाला. वर येऊन तिने कमिटीला सांगितलं तेव्हा खजिनदार पंडित मास्तरांनी डोक्याला हात लावला. "बाई, विचारायचं तरी आम्हाला!" ते म्हणाले. मग पाच मिनिटांनी सगळ्यांचं एकमत झालं की शब्द उषाबाईने दिलाय, तर पुढाकारही उषाबाईनेच घ्यावा. कप्पाळ माझं, असं म्हणून तिने पुढाकार घेतला.

तिने 'देऊ' का म्हटलं, ते कमिटीला ठाऊक नव्हतं. हॉल गेला असता तर मंडळी रस्त्यावर येणार नव्हती. शहरात मोठं चर्च होतं, संगमरवरी फरशीचं, तिथले लोक भले होते आणि 'या की आमच्याकडे' असं दोनदा म्हणून गेले होते. पण तिथे उपासना गुजरातीत. तिथे कीबोर्ड, गिटार, काचेच्या खोलीत ठेवलेला ड्रमसेट. तिथे उखाला कोण विचारणार?

उखा म्हणजे तिचा नवरा. एकतीस वर्षं लूम्सच्या खात्यात उभा राहिला, बारा बारा तास, त्या खडखडाटात. पंचेचाळिशीत कान कमी झाले, पन्नाशीत गेलेच. कारखान्यात त्याचं काही अडलं नाही, तिथे ऐकू येणाऱ्यालाही काही ऐकू येत नाही. मग गुडघे गेले आणि तो घरी बसला. उषाबाई घरी साड्यांचं धागा कटिंग करते, टिकल्या चिकटवते, तर तोही शेजारी बसून धागे कापतो. दिवसचे दिवस तोंडातून शब्द नाही. लोकांशी बोलायचं सोडूनच दिलं त्याने. सारखं 'काय? काय?' करायची लाज वाटायची.

पण रविवारी तो ढोलकी वाजवायचा. त्याच्या बापाची ढोलकी, गावाहून आणलेली, आंब्याच्या लाकडाची. उषाबाई गीत सांगायला उभी राहायची आणि उखा तिच्या समोर बसून तिच्या तोंडाकडे बघायचा. तोंड उघडलं की ठेका सुरू, मिटलं की बंद. मध्ये ती श्वास कुठे घेते हेसुद्धा त्याला पाठ होतं. नवीन माणसाला खरं वाटायचं नाही की हा ठार बहिरा आहे. त्या एका तासात उखा हसायचा, मान हलवायचा, चूक झाली तर जीभ चावायचा. सोमवारी पुन्हा गप्प. म्हणून उषाबाई 'देऊ' म्हणून बसली होती. आता बस निस्तरत.

पहिली आयडिया भूपेंद्रची. भूपेंद्र मोबाइलच्या दुकानात कामाला, शिकलेला पोरगा, बोलायला लागला की थांबत नाही. तो म्हणाला, "मावशी, आता थैली फिरवायचे दिवस गेले. क्यूआर लावू. लोक बसल्या जागी दान देतील." लावला. दानाच्या थैलीवरच चिकटवला, म्हणजे जी थैली हातात आल्यावर लोक दहाची नोट टाकायचे, ती आता 'आम्ही मोबाइलवरून देतो' म्हणून पुढे सरकवायला लागले. तरी तीन महिन्यांत चार हजार एकशे रुपये जमले. आणि जमले कुठे? भूपेंद्रच्याच खात्यात, कारण मंडळीच्या खात्याचे कागद पंडित मास्तरांना सापडत नव्हते. त्या खात्यातून त्याच्या मोटारसायकलचा हप्ता आपोआप कटायचा. देवाचे पैसे हप्त्यात गेले. "मावशी, मी मुद्दाम नाही केलं, बँकेने कापले," तो रडवेल्या तोंडाने म्हणाला. उषाबाईने त्याला जे सुनावलं ते उपासनेच्या जागी सुनावण्यासारखं नव्हतं. त्याने पैसे भरून दिले, पण सातशे-सातशे करत, सहा महिन्यांत.

दुसरी आयडिया प्रमिलाबाईची. प्रमिलाबाई मंडळीतली बोलकी बाई. नवरा हजीऱ्याला मोठ्या प्लांटमध्ये कायम नोकरीला, त्यामुळे तिचा आवाज कायमच एक पट्टी वर. ती म्हणाली, "गावाकडं आपण मूठ काढायचो की नाही? तेच करू." हे उषाबाईलाही पटलं. रोज स्वयंपाकाला तांदूळ घेतला की त्यातली एक मूठ देवासाठी बाजूला काढायची आणि रविवारी आणून डब्यात टाकायची. पंधरा लिटरचा तेलाचा पत्र्याचा डबा ठेवला. बायकांनी इमानेइतबारे मुठी काढल्या. डबा भरायचा, पोत्यात रिकामा व्हायचा, पुन्हा भरायचा. जूनपर्यंत सत्तर किलो तांदूळ झाला.

तो घेऊन उषाबाई रिक्षाने दुकानदाराकडे गेली. दुकानदाराने हात घातला, तळहातावर पसरला आणि हसला. "मासी, इसमें तो पूरा सुरत है." खरंच होतं. कोणाच्या घरचा रेशनचा जाडा, कोणाचा कोलम, कोणाचा तुकडा, कोणाचा गावाहून आलेला लाल. गावात सगळ्यांच्या शेतात एकच भात, म्हणून मूठ चालायची. इथे अडतीस घरांचे अडतीस तांदूळ. असला तांदूळ कोण घेणार? रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे पाण्यात.

मग फुकट जायला नको म्हणून त्याचा पुलाव करून विकायचं ठरलं. साठ रुपये प्लेट. भाजी आणली, तेल आणलं, दोन सिलिंडर लागले. कारण एक तांदूळ शिजून गिळगिळीत झाला तरी दुसरा दाताखाली कचकच वाजत होता, आणि तो शिजावा म्हणून आणखी आच द्यावी तर पहिल्याची खळ होत होती. पंडित मास्तर एक घास घेऊन बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "चव चांगली आहे." चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हिशेब केला तर मंडळीलाच अकराशे रुपयांचा खड्डा पडला. प्रमिलाबाई म्हणाली, "आच कमी ठेवायला हवी होती." ती त्या दिवशी स्वयंपाकाला आलीच नव्हती.

साड्यांच्या सेलचं तर बोलायलाच नको. प्रत्येक बाई कुठल्या ना कुठल्या व्यापाऱ्याचं काम करते, तर प्रत्येकीने दोन-दोन डागी साड्या स्वस्तात आणून विकाव्यात, असं ठरलं. आणल्या. सत्तर साड्या हॉलमध्ये मांडल्या आणि पस्तीसच्या पस्तीस बायका विकायलाच बसल्या, घ्यायला कोणी नाही. सुरतेत साडी विकायला काढणं आणि तीही साड्यांचंच काम करणाऱ्या बायकांना! उषाबाई त्या ढिगाकडे बघून एकटीच हसली आणि मग एकटीच घड्या घालत बसली.

शेवटी पैसे आले ते पायपिटीनेच. संध्याकाळी काम आटपलं की ती निघायची. गोडादऱ्यातली घरं चालत, भेस्तानची शटल रिक्षाने, भाडं स्वतःचं. दोन हजार या घरातून, तीन त्या घरातून. कोणी चहा पाजून पैसे द्यायचं, कोणी नुसताच चहा पाजायचं. 'पुढच्या पगाराला' हे शब्द तिने त्या वर्षात इतक्यांदा ऐकले की एखाद्याने तोंड उघडलं तरी तिला पुढचं कळायचं. "लोकांना वाटतं मी माझ्या लेकीच्या लग्नाला मागतेय," ती घरी येऊन चिडून म्हणायची. उखा धागा कापत तिच्या तोंडाकडे बघायचा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक लाख बारा हजार चारशे झाले. आता राहिला होता कापणीचा सण.

कापणीचा सण मंडळीचा सगळ्यात मोठा दिवस. गावाकडे पीक निघालं की पहिला वाटा देवळात आणायचा आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. भोपळा असो की कोंबडी, मोठ्याने बोली लावायची. आणि घेतलेली वस्तू घरी न्यायची नाही. "ही परत मंडळीला!" असं म्हणून टेबलावर ठेवायची, की पुन्हा लिलाव. घरी नेणारा म्हणजे कंजूस, असं मानतात. पैसे तिथल्या तिथे कोणी देत नसे. माल बाजारात विकला की द्यायचे, आणि देत असत. तेच सगळं सुरतेत आलं, फक्त पीक मागे राहिलं. इथे लोक बाजारातून दुधी आणून लिलावाला ठेवतात, पाच हजारांची बोली लावतात आणि मग कोणता माल विकायचा असतो? पंडित मास्तरांच्या वहीत सहा वर्षांच्या बोल्या नुसत्या लिहून ठेवलेल्या. मास्तर मागायला लाजतात. गेल्या साली बोली झाली बासष्ट हजारांची आणि हातात आले अठरा. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

म्हणून या वर्षी उषाबाईने स्वतःची एक आयडिया काढली. तिने कानजीभाईलाच सणाला बोलावलं. शेठसमोर तरी लोकांना लाज वाटेल, रोख काढतील. आणि मंडळी किती आहे, कशी आहे, हे शेठने एकदा डोळ्यांनी बघितलं तर आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे करेलही. "बाहेरच्या माणसाला आपल्या लिलावात?" पंडित मास्तर कुरकुरले. "त्याला रीत माहीत नाही."

"तुम्हाला तरी कुठे माहीत आहे?" उषाबाई म्हणाली. "रीत पैसे द्यायची असते, मास्तर."

सणाच्या दिवशी कानजीभाई पांढरे कपडे घालून आला, चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर बसला. पाळकसाहेबांचा उपदेश त्याने हात जोडून ऐकला. उषाबाईने गीत सांगितलं, उखाने ढोलकी धरली. तेव्हा शेठ खुर्चीत पुढे सरकून बसला आणि पाय हलवायला लागला. काठियावाडी माणूस, ठेका ऐकला की राहवत नाही. "क्या बजाता है!" तो शेजारच्याला म्हणाला. शेजारच्याने सांगितलं की ऐकू येत नाही त्याला. शेठने डोळे मोठे केले.

मग लिलाव. भूपेंद्र बोलीला उभा राहिला. पहिला भोपळा प्रमिलाबाईने दोन हजारांना घेतला आणि परत मंडळीला दिला. पुन्हा अडीचला घेतला, पुन्हा परत. कोणाची कोंबडी सोळाशे, कोणाची लिंबं नऊशे. टाळ्या वाजत होत्या, आवाज चढत होते, पंडित मास्तर भराभरा लिहीत होते. उषाबाई हातात पितळेचं ताट घेऊन रांगेरांगेतून फिरत होती. "रोख द्या, रोख." लोक तिच्याकडे बघून हसत, शंभराची नोट ठेवत. "बाकीचे लिहा मास्तर, पगार झाला की!" शेठ तिथे बसलेला, आणि कोणाला कसलीही लाज नाही! उलट शेठसमोर बोली आणखी फुगली. दुपारी एक वाजता मास्तरांच्या कागदावर ब्याऐंशी हजार होते, ताटात सतरा हजार तीनशे पन्नास.

उषाबाई भिंतीला टेकून उभी राहिली. तिला मनातल्या मनात बेरीज येत होती, आणि ती येऊ नये असं वाटत होतं. वीस हजार कमी. चार दिवसांत वीस हजार कुठून आणायचे? कोणाच्या दारात जायचं राहिलंय? तिने प्रमिलाबाईकडे बघितलं. प्रमिलाबाई भोपळ्यासाठी आणखी पाचशे वाढवत होती. एखाद्या वेळी उषाबाईने तोच भोपळा तिच्या डोक्यात घातला असता.

तेवढ्यात उखा उठला. गुडघ्यावर हात ठेवत, हळूहळू. ढोलकी उचलली, टेबलाशी गेला आणि भोपळ्याच्या शेजारी ठेवली.

हॉलमध्ये एकदम ओरडा झाला. "वा, उखाभाऊ!" ढोलकी लिलावाला म्हणजे मजाच. ती कुठे जाणार होती? परतच येणार. म्हणून सगळ्यांना जोर आला. "तीन हजार!" प्रमिलाबाई. "चार!" मागून कोणीतरी. आणि मग खुर्चीतून कानजीभाईने हात वर केला. "पाँच."

लोक खूश झाले. शेठसुद्धा आपल्यात आला! त्याला चढवायलाच हवं. "सात!" "नऊ!" कोणाच्याही खिशाला झळ नव्हती, त्यामुळे बोली लावायला काय जातंय? "पंधरा!" प्रमिलाबाई किंचाळली. कानजीभाईने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "एकवीस. बस."

एक वार, दोन वार, तीन वार. टाळ्यांचा कडकडाट. कानजीभाईने खिशातून बंडल काढलं, अंगठ्याला थुंकी लावून एकवीस हजार मोजले आणि उषाबाईच्या ताटात ठेवले. त्या ताटात त्या दिवशी एवढ्या नोटा एकदम पहिल्यांदाच पडल्या. भूपेंद्र हात जोडून हसत उभा होता, शेठ आता 'परत मंडळीला' म्हणेल म्हणून. शेठने ढोलकी काखेत मारली, "जय श्री कृष्ण" म्हणून सगळ्यांना नमस्कार केला आणि चपला घालून जिना उतरून गेला.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"अरे, त्याला सांगायचं होतं!"

"भूपेंद्र, तू का नाही सांगितलंस?"

"मी काय सांगणार? पैसे मोजले त्याने!"

"मी म्हटलं होतं, बाहेरच्या माणसाला रीत माहीत नसते," पंडित मास्तर म्हणाले.

"रीत गेली खड्ड्यात!" उषाबाई असं ओरडली की पाळकसाहेबांनीही खाली बघितलं. "तुमच्यापैकी एकानं, एकानं जरी खिशात हात घातला असता, तर माझ्या माणसाची ढोलकी गेली नसती. पंधरा हजार म्हणे! आहेत का पंधरा हजार? काढ, प्रमिला! काढ ना!"

प्रमिलाबाई रडायला लागली. आणि उखा आपल्या जागी सतरंजीवर जाऊन बसला होता, रिकामे हात मांडीवर ठेवून.

सोमवारी सकाळी उषाबाई पैसे घेऊन कानजीभाईकडे गेली. दीड लाख मोजून टेबलावर ठेवले, वर साडेसातशे उरले. ती रात्रभर मनात वाक्यं जुळवत होती आणि आता एकही आठवेना.

"शेठ, ती ढोलकी," ती म्हणाली. "आमच्यात असं असतं की घेतलेली वस्तू परत द्यायची असते."

कानजीभाईला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो खरोखर ओशाळला. "बेन, मुझे क्या पता? मैं तो समझा बेच रहे हो. माझ्या नातीला दिली. काल जेवली नाही ती, वाजवतच बसली." मग त्याने टेबलावरच्या नोटांकडे बघितलं. "परत देतो. पोरगी रडेल, पण देतो. मग माझे एकवीस हजार मला परत द्यावे लागतील ना? धंधा है, बेन."

बरोबरच होतं. त्याचं काही चुकत नव्हतं, हाच तर वैताग होता. त्याच टेबलावर त्याचेच एकवीस हजार पडले होते. स्वतःच्या डिपॉझिटमध्ये त्याने स्वतःच भर घातली होती आणि वर ढोलकीही मिळवली होती. उचलून त्याला परत दिले तर ढोलकी आपली आणि हॉल लेसवाल्याचा. तिने नोटांचा गठ्ठा शेठकडे सरकवला.

"पावती द्या," ती म्हणाली.

घरी आली ती तणतणत. उखा खाटेला टेकून जांभळ्या साडीचे धागे कापत होता. तिने साडी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि त्याच्या समोर बसली, तोंड त्याला नीट दिसेल अशी.

"कसाले दिधी तुम्ही ढोलकी?" ती म्हणाली. घरात दोघं अहिराणीतच बोलायचे, आणि सुरतेत राहून त्यात मराठी, हिंदी सगळंच मिसळलेलं. "तो शेठ आपला नाही, त्याला रीत माहीत नाही, एवढं कळलं नाही? बापाची ढोलकी होती ती! त्याला वाटलं विकायला काढली. परत नाही देत आता. गेली. कळतंय का मी काय म्हणतेय? गेली!"

"माले ठाऊक व्हतं," उखा म्हणाला.

"काय ठाऊक होतं?" उषाबाईने विचारलं.

"मला माहीत होतं तो परत देणार नाही," तो म्हणाला. ऐकू येत नसल्यामुळे तो नेहमी मोठ्यानेच बोलायचा, शेजारच्या खोलीपर्यंत आवाज जायचा. "म्हणूनच तर ठेवली. आपली माणसं तोंडाने बोली लावतात. तुला त्यांची तोंडं ऐकू येतात, म्हणून तू फसतेस. मला नाही ऐकू येत. मी हात बघतो. प्रमिलाचा हात दोन वर्षांत पर्समध्ये गेलेला नाही. मास्तरचा हात नुसता पेनवर. काल सगळ्या हॉलमध्ये एकाच माणसाचा हात खिशावर होता. मी वाजवत होतो तेव्हापासून होता."

 

"एकदा सांगायचं तरी मला," उषाबाई म्हणाली.

"तुले सांगं असतं, त तू देऊ दिधी असती का?"

तिने मान हलवली. नाही.

"मग?" तो म्हणाला. "हॉल राहिला तर तू उभी राहणार. तू उभी राहिलीस तर मला तुझं तोंड दिसणार. ढोलकीचं काय, काहीही वाजवू." आणि साडी परत ओढून घेऊन धागे कापायला लागला. उषाबाईने पदराने तोंड पुसलं. मग उठून त्याच्यासाठी चहा टाकला, आणि चहा टाकतानाही त्याला मूर्ख, गाढव, सांगायचं तोंड नाही का तुम्हाला, असं बोलतच होती. पाठ त्याच्याकडे होती, त्यामुळे त्याला काही कळलं नाही.

पुढच्या रविवारी सगळे वेळेवर आले. हॉल आपला राहिला म्हणून पाळकसाहेबांनी आभाराची प्रार्थना केली. मग भूपेंद्र उभा राहिला. "उखाकाकांना मंडळीने नवीन ढोलकी घेऊन द्यावी, अशी माझी एक आयडिया आहे," तो म्हणाला.

"माझे पाच हजार!" प्रमिलाबाई लगेच ओरडली.

उषाबाई गीत सांगायला उभी होती. तिने फक्त प्रमिलाबाईच्या हाताकडे बघितलं. समोर बसलेला उखाही तिथेच बघत होता. दोघं नुसतीच बघत राहिली. हळूहळू आजूबाजूची माणसंही बघायला लागली. प्रमिलाबाईने इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि मग तिचा हात पर्सकडे गेला. पाचशेची एक नोट निघाली. मग दुसरी निघाली.

"बाकीचे पगार झाल्यावर," ती पुटपुटली.

उखा आवाज न करता हसला, अगदी खांदे हलेपर्यंत. त्याने कोपऱ्यातला मुठीच्या तांदळाचा पत्र्याचा डबा ओढला, मांडीत आडवा घेतला आणि त्याच्यावर दोन थापा मारून बघितल्या. आवाज भयंकर होता. पंडित मास्तरांनी कानावर हात ठेवला. उखाने मान वर केली आणि उषाबाईच्या तोंडाकडे बघत थांबला, आणि मग तिला तोंड उघडावंच लागलं.